कल्पित भाषेतील परग्रहवासीयांची नामव्यवस्था : क्लिंगॉन भाषेच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

मानवाने हेतुपुरस्सर निर्माण केलेल्या भाषांचा विचार आपल्या अभ्यासक्रमात बहुधा एस्पेरान्तोच्या उल्लेखापलीकडे जात नाही. चित्रपट-मालिकांसाठी रचलेल्या भाषांना तर अभ्यासविषय मानण्यासच आपण संकोचतो. वस्तुतः नाव कोण देतो, कोणाच्या ध्वनींत देतो आणि त्या नावामागे कोणता दर्जा गृहीत धरतो, हे प्रश्न अशा भाषांत अधिक उघडपणे पाहावयास मिळतात. कारण तेथे प्रत्येक निर्णय कोणीतरी जाणीवपूर्वक घेतलेला असतो. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञानकथामालेतील क्लिंगॉन भाषेच्या आधारे परग्रहवासी जमाती व त्यांचे मूळ ग्रह यांच्या नामकरणाची प्रक्रिया प्रस्तुत लेखात स्पष्ट करावयाची आहे.

नाव आधी, भाषा नंतर

‘क्लिंगॉन’ हे जमातीचे नाव 1967 साली दूरदर्शन मालिकेत आले. भाषा मात्र तेव्हा नव्हती. 1979 च्या चित्रपटासाठी जेम्स डूहान या अभिनेत्याने काही मोजकी वाक्ये तयार केली आणि 1984 च्या तिसऱ्या चित्रपटासाठी मार्क ओक्रंड या भाषावैज्ञानिकाने तिला व्याकरण दिले. त्यांचा शब्दकोश 1985 मध्ये प्रसिद्ध झाला व 1992 मध्ये त्यास पुरवणी जोडण्यात आली. ओक्रंड यांचे पीएच.डी.चे संशोधन कॅलिफोर्नियातील मुत्सून या आदिवासी भाषेच्या व्याकरणावर होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

त्यांच्यापुढील अडचण विलक्षण होती. इंग्रजीत रूढ झालेले नाव कायम ठेवून ते मूळ नावाचा अपभ्रंश आहे, असे भासवावयाचे होते. त्यांनी भाषेला 21 व्यंजने दिली, परंतु त्यांत साधा ‘क’ ठेवलाच नाही. ‘क्लिंगॉन’ची सुरुवात त्यामुळे ‘त्ल’सदृश एका पार्श्विक ध्वनीने होते आणि मूळ शब्द ‘त्लिङन’ ठरतो. म्हणजे कथेतील पृथ्वीवासीयांना तो ध्वनी उच्चारता आला नाही, असे मानावयाचे. इंग्रजांच्या जिभेवर ‘मुंबई’चे काय झाले हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ही युक्ती अपरिचित वाटणार नाही.

‘ङन’ : स्थळावरून जमात

या भाषेत ‘ङन’ म्हणजे रहिवासी. ग्रहाचे नाव ध्वनिव्यवस्थेत बसवून घ्यावयाचे व त्यापुढे ‘ङन’ जोडावयाचा, ही नामकरणाची मुख्य रीत होय. पृथ्वी ‘तेरा’, म्हणून पृथ्वीवासी ‘तेराङन’. रोम्युलस ‘रोमुलुष’, म्हणून तेथील जमात ‘रोमुलुषङन’. व्हल्कन ग्रहाचे रहिवासी ‘वुल्कङन’. आपला ‘कर’ प्रत्यय नगरकर, सातारकर या नामांत हेच कार्य करतो. मराठीत ‘ङ’ शब्दारंभी येत नाही, क्लिंगॉनमध्ये मात्र येतो. वर्गात विद्यार्थ्यांना हा उच्चार करावयास सांगितला की निदान पहिली पाच मिनिटे हसण्यात जातात. ‘रोमुलुष’मधील अंत्य ध्वनी मूर्धन्य आहे. या भाषेत ‘स’ नाही, ‘ष’ आहे. ‘द’ नाही, ‘ड’ आहे. जो ‘ष’ आपण लिहितो पण उच्चारात ‘श’मध्ये मिसळून टाकतो, तो येथे नित्य उच्चारला जातो.

क्लिंगॉनांच्या स्वतःच्या ग्रहाचे नाव मात्र या रीतीत बसत नाही. 1991 च्या सहाव्या चित्रपटात ते इंग्रजीत ‘क्रोनॉस’ असे ऐकू येते. मूळ रूपात आरंभीचा ध्वनी पडजिभेपाशी घर्षणासह उच्चारला जाणारा आहे. इंग्रजी कानाला त्याचा ‘क्र’ झाला. ‘जग’ या अर्थाच्या शब्दाशी या नावाचे साम्य दिसते, पण त्या शब्दातील आद्य ध्वनी वेगळा, घर्षणरहित आहे. ‘ताक’ आणि ‘टाक’ यांत परकीयाला जे साम्य भासेल, तसेच हे. त्यावरून व्युत्पत्ती रचण्याचा मोह टाळावा, असे मला वाटते.

फेरेंगी आणि फिरंगी

1987 पासून मालिकेत अवतरलेल्या ‘फेरेंगी’ या व्यापारी जमातीचे नाव मराठी वाचकास चटकन ओळखू येईल. फ्रँक लोकांच्या नावावरून अरबी-फारसीत आलेला शब्द आपल्याकडे ‘फिरंगी’ झाला. प्रथम पोर्तुगीज, पुढे कोणीही युरोपीय, आणि ‘फिरंग’ ही युरोपीय पात्याची तलवारदेखील. आशियाने युरोपीयांना दिलेले नाव अमेरिकी कथेत नफेखोर परग्रहवासीयांच्या माथी आले, हा प्रवास मोठा गमतीचा आहे. क्लिंगॉनमध्ये ‘फ’ नसल्यामुळे या जमातीला ‘वेरेङन’ म्हणतात. अखेरीस ‘ङन’ ऐकू आल्याने ‘वेरे’ नावाचे एखादे स्थळ असावे, असा भास होतो. पण तसे स्थळ नाही.

स्वनाम आणि परनाम

वरील बहुतेक नावे त्या त्या जमातीची स्वतःची नव्हेत. वल्कन व रोम्युलस तर रोमन पुराणकथांतील नावे. ही विसंगती डायान ड्युएन या लेखिकेने 1984 पासूनच्या कादंबऱ्यांत दूर करण्याचा प्रयत्न केला. तेथे रोम्युलन स्वतःला ‘रिहानसू’ म्हणवितात आणि त्यांच्या जुळ्या ग्रहांची नावे ‘च’रिहान’ व ‘च’हाव्रान’ अशी आहेत. ‘रोम्युलन’ हे केवळ परक्यांचे नाव ठरते. मला ही मांडणी अधिक समर्थनीय वाटते. 1991 च्या चित्रपटात भोजनप्रसंगी ‘मानवी हक्क’ या शब्दप्रयोगावर एका क्लिंगॉन स्त्रीने घेतलेला आक्षेपही याच जातीचा आहे : हक्क विश्वातील सर्वांचे, तर नाव एकाच जमातीचे का?

व्याकरणाने ठरणारा दर्जा

नावापेक्षाही सूक्ष्म भेद प्रत्ययात दडलेला आहे. भाषा वापरू शकणाऱ्यांच्या अनेकवचनास ‘पु’ आणि सर्वसाधारण नामास ‘मेय’ हा प्रत्यय लागतो, शरीरावयवांसाठी तिसराच. म्हणून पृथ्वीवासी ‘तेराङनपु’, तर प्राण्यांना ‘मेय’. येथे निकष रक्ताचा वा ग्रहाचा नसून भाषाक्षमतेचा आहे. मुलांना ‘पुक़पु’ऐवजी ‘पुक़मेय’ म्हटले, तर जिकडेतिकडे पसरलेली पोरे असा अर्थ होतो. स्वामित्वदर्शक प्रत्ययांतही हाच भेद आहे. ‘माझा स्वामी’ म्हणताना वस्तूंसाठीचा प्रत्यय वापरल्यास वाक्य व्याकरणदृष्ट्या चुकत नाही. परंतु ऐकणारा क्लिंगॉन तो अपमान समजतो.