डब्यातली चुकलेली नाणी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतले एक काका संध्याकाळी घरी आले. हातात दूध पावडरचा जुना पत्र्याचा डबा आणि सोबत नववीत शिकणारी नात. गिरणी बंद पडल्यावर काकांनी वीसेक वर्षे वॉचमनची नोकरी केली, आता घरीच असतात. डबा खाली ठेवून म्हणाले, "भाऊ, तुम्हाला नाण्यांचा नाद आहे म्हणतात. माझे अडीच हजार तर गेलेच. पण नाणी खरी की खोटी, तेवढं सांगा."

अडीच हजार कसे गेले ते नातीने सांगितले. मोबाईलवर कुणीतरी बोलताना दिसले की, अमुक साली पाडलेला 'उलटा' रुपया तुमच्याकडे असेल तर लाखो रुपये मिळतील. काकांच्या डब्यात तसा एक रुपया होता. फोटो पाठवला. तासाभरात फोन आला, मोठ्या अदबीने बोलणारा माणूस, "बाबूजी, आपका सिक्का अठारा लाख में पास हुआ है." आधी नोंदणीचे पाचशे, मग कराचे दोन हजार. रिझर्व्ह बँकेचे बोधचिन्ह असलेला कागदही आला. तिसऱ्या वेळी विम्याचे बारा हजार मागितले तेव्हा नातीने आजोबांच्या हातातला फोन काढून घेतला. पोरगी हुशार. नाहीतर आजीच्या कानातलेही गेले असते.

वाचकहो, ही गोष्ट एका घरची नाही. असे प्रकार इतके वाढले की 4 ऑगस्ट 2021 रोजी रिझर्व्ह बँकेला पत्रक काढावे लागले. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा संबंध नाही, बँक त्यासाठी कोणतेही शुल्क वा कमिशन मागत नाही आणि कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही, असे तिने स्पष्ट सांगितले. विकत घेणारा कधी विकणाऱ्याकडूनच पैसे मागतो का? बाजारात भाजी विकणाऱ्या आमच्या माउलीलाही हे कळते. पण अठरा लाख हा आकडा कानावर पडला की भल्याभल्यांची मती गुंग होते. पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नये, लगेच 1930 या क्रमांकावर तक्रार करावी. काकांनी लाजेपोटी आठ दिवस घालवले.

त्यांचा दुसरा प्रश्न मात्र आम्हाला आवडीचा होता. आम्ही चटई अंथरली, भिंग काढले आणि डबा पालथा केला.

उलट्या रुपयाकडे वळण्याआधी नाणे कसे पाडतात ते थोडक्यात सांगतो, कारण सगळ्या चुका तिथेच जन्मतात. धातूच्या पत्र्यातून आधी कोऱ्या चकत्या कापतात. चकती यंत्रात एका कड्यात बसते. खाली एक ठसा, वर एक ठसा, आणि मोठ्या दाबाचा एकच तडाखा. एका तडाख्यात छापा, काटा आणि कड तिन्ही तयार. कामगार ठशाला 'डाय'च म्हणतात. एका डायखालून हजारो-लाखो नाणी निघतात. ती झिजते, तडकते, तिच्या खाचेत तेलाचा गाळ बसतो, कधी ती आपल्या जागेवर फिरते. जे डायला होते ते पुढच्या प्रत्येक नाण्यावर उमटते, कोणी पाहून डाय बदलीपर्यंत. कारखान्यात काम केलेल्याला हे वेगळे सांगायला नको. काका लगेच म्हणाले, "म्हणजे मागाचा धागा तुटला आणि कुणाचं लक्ष गेलं नाही, तर पुढचा सगळा तागा तसाच निघतो, तसं." अगदी तसेच.

आता तो रुपया. स्टेनलेस स्टीलचा, सिंहांची बाजू आमच्यासमोर सरळ धरली आणि वहीचे पान उलटावे तसा आडवा फिरवला. आपली नाणी अशी फिरवली की मागची बाजूही सरळच दिसायला हवी. काकांच्या रुपयाचा आकडा चांगलाच कलंडला होता. घड्याळात बारा वाजण्याऐवजी दोन वाजावेत इतका. म्हणजे दोन्हींपैकी एक डाय यंत्रात फिरलेली होती. नाणे खरे, चूकही खरी. अठरा लाख तेवढे खोटे. अशा नाण्याला एखादा संग्राहक शे-दोनशे देईल, एखादा नुसते पाहून परत करील.

काका थोडा वेळ गप्प बसले. नात मात्र भिंग घेऊन केव्हाच कामाला लागली होती.

तिला पंचवीस पैशांचे गेंड्याचे नाणे सापडले. गेंड्याच्या पाठीपासून कडेपर्यंत केसासारखी रेघ. "ओरखडा पडलाय," ती म्हणाली. आम्ही म्हटले, नखाने बघ. नख रेघेवर अडले, रेघ वर आलेली होती. डायला तडा गेला की धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उठते. चावीने, खिळ्याने पडलेला ओरखडा खोल असतो. एवढी एक ओळख पक्की झाली तरी बाजारात 'दुर्मीळ' म्हणून विकली जाणारी निम्मी नाणी हसून परत करता येतात. एक अपवाद सांगून ठेवतो. आधीचे नाणे डायलाच चिकटून राहिले तर पुढच्या चकतीवर त्याची आरशातल्यासारखी उलटी आणि खोल छाप पडते. अशी नाणी क्वचित मिळतात आणि संग्राहक त्यांची वाट पाहतात.

मग एका बाजूने अगदी कोरे असलेले पन्नास पैसे निघाले. काकांचे डोळे चमकले. आमचेही, खोटे कशाला बोला. पण सोनाराच्या काट्यावर ते तीन ग्रॅमच्या जरा पुढे भरले. हे स्टीलचे नाणे पावणेचार ग्रॅमच्या पुढे असते. भिंगातून एका दिशेने गेलेल्या घासल्याच्या रेघा स्पष्ट दिसल्या. काकांना एकदम आठवले, धाकटा मुलगा लहानपणी उंबऱ्याच्या फरशीवर नाणी घासत बसायचा! सगळे हसलो. म्हणूनच वजन आणि माप माहीत असलेले बरे. स्टीलची दहा, पंचवीस, पन्नास पैशांची आणि रुपयाची नाणी अनुक्रमे 16, 19, 22 आणि 25 मिलिमीटरची, म्हणजे शाळेच्या पट्टीने मोजता येतात. एका मूल्याची चकती दुसऱ्याच मूल्याच्या डायखाली गेली असेल तर पट्टी आणि काटा ते लगेच सांगतात.

अक्षरे दुहेरी दिसणाऱ्या नाण्यांनी आम्हालाही सुरुवातीला पुष्कळ फसवले. डाय बनतानाच तिच्यावर आकृती दोनदा बसली असेल तर अक्षराची दोन्ही रूपे गोलसर, भरीव आणि टोकाशी दुभंगलेली दिसतात. ही खरी जात. तडाखा बसताना डाय जरा हलली तर अक्षराच्या बाजूला नुसती सपाट पायरी दिसते. अशी हवी तितकी मिळतात, त्यांना कोणी विचारीत नाही.

नातीने विचारले, "सालाखाली काही नाण्यांवर चौकट आहे, काहींवर चांदणी, काहींवर काहीच नाही. काहीच नाही ती चुकलेली का?" प्रश्न चांगला होता. चौकट म्हणजे मुंबईची टांकसाळ, चांदणी हैदराबादची, गोल ठिपका नोएडाचा. कोलकात्याची टांकसाळ खूण करीत नाही. तेव्हा खूण नसणे ही चूक नव्हे. मात्र डायच्या खाचेत गाळ बसून मुंबईची चौकट उमटलीच नाही, असेही होते. तिथे चौकटीच्या जागी पुसटसा उंचवटा राहिला आहे का, ते भिंगाने शोधावे लागते. आणि 1985 सालच्या रुपयावर इंग्रजी 'एच' दिसला तर दचकू नये. त्या काळात सुट्ट्या नाण्यांची एवढी टंचाई होती की सरकारने परदेशात नाणी पाडून घेतली. तो 'एच' बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचा.

डब्याच्या तळाशी 1964 चे दोन पैसे निघाले. एकावर 'नया पैसा', दुसऱ्यावर नुसते 'पैसा'. यात चूक कोणाचीच नाही. 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली तेव्हा जुन्या पैशाशी घोटाळा होऊ नये म्हणून 'नया' शब्द घातला. 1 जून 1964 पासून तो काढला. म्हणून त्या एका सालात दोन्ही तऱ्हा आहेत. काकांच्या आईने ते दोन्ही पैसे लुगड्याच्या गाठीतून सोडून डब्यात टाकले असतील. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी 30 जून 2011 पासून चलनातून बाद झाली. बँकेत बदलायचे राहून गेले म्हणून काकू तेव्हा काकांना बोलल्या होत्या. आज तोच डबा नातीची शाळा झाला होता. पन्नास पैसे मात्र आजही कायद्याने चालतात, दुकानदार काहीही म्हणो.

मळकी नाणी पाहून काकू आतून चिंच घेऊन आल्या. आम्ही हात जोडले. चिंचेने, राखेने घासलेले नाणे चकचकीत दिसते, पण त्याच्यावरचे बारीक तपशील जातात आणि संग्राहक त्याला हात लावीत नाही. कोरड्या फडक्याने धूळ झटकावी, कागदाच्या छोट्या पाकिटात ठेवावे आणि पाकिटावर कोणते नाणे, कोणते साल, कोणती खूण, कुठे मिळाले ते लिहावे. नाणे वितळवणे किंवा मोडतोड करणे 2011 च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे, हेही त्या धाकट्या मुलाच्या कानावर घालावे म्हणतो.

शेवटी एका वेगळ्या पुडीतून तीन रुपये निघाले. 1990 साली बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीला निघालेले. पगारात आले तेव्हा काकांनी ते बाजूला काढले आणि मुलांना एकेक दाखवून परत बांधून ठेवले होते. 2015 च्या 6 डिसेंबरला दहा रुपयांचे आणि एकशे पंचवीस रुपयांचे नाणे निघाले, पण काकांचा जीव या तिघांवर. आम्ही भिंग पुढे केले, सालाखालची खूण पाहू म्हटले. काकांनी पुडी परत बांधली. "यांच्यात चूक असली तरी मला नाही बघायची, भाऊ."

आम्ही भिंग खाली ठेवले.

नात मात्र आता दर रविवारी येते. तिची आई बस कंडक्टरच्या बायकोकडून नोट देऊन सुटी नाणी आणते, मायलेकी रात्री ती चाळतात आणि सकाळी तीच बाजारात खर्चतात. तीन महिन्यांत कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा कमी असलेला एक रुपया मिळाला. पत्रा कापताना आधीच्या भोकावरच पुन्हा कापला गेला की चकती अशी निघते. समोरची कडही नीट उठली नव्हती, म्हणजे नाणे खरे. तिने पाकिटावर लिहिले आहे: रुपया, स्टील, चौकट, भाजीबाजार, मंगळवार. अडीच हजारांपैकी किती वसूल झाले ते काका अजून दर वेळी विचारतात.