चिखलवाटेवर गाडी चालवताना : लेखांक ४
हवेत लटकलेलं चाक

टायर आणि त्यातली हवा यांविषयी गेल्या आठवड्यात लिहिलं. आता नवशिक्याला सर्वात जास्त चकवणाऱ्या गोष्टीकडे वळू. गाडी फोर बाय फोर आहे, लिव्हर फोरमध्ये टाकलेला आहे, आणि तरीही ती पाणंदीत जागच्या जागी उभी आहे. चारपैकी दोन चाकं चिखल उडवत गरगर फिरताहेत, उरलेली दोन ढिम्म. कोरड्या जमिनीवर घट्ट टेकलेली आहेत ती नेमकी हीच दोन! असं का होतं, याचं उत्तर डिफरन्शियलमध्ये आहे. ते कळल्याशिवाय फोर बाय फोरच्या लिव्हरला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

आधी त्याची गरज पाहू. मागच्या दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर आहे असं धरा. गाडी काटकोनात वळली की बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे २.३५ मीटर जास्त चालतं. वळण आवळ असो की ऐसपैस, फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर पक्की बसवली, तर दर वळणावर एका चाकाला फरफटत जावं लागेल. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर यांनी १८२७ मध्ये वाफेच्या गाडीसाठी यावर तोडगा काढला. आज आपल्या गाड्यांखाली आहे ती मूळ कल्पना तीच.

इंजिनाकडून आलेला शाफ्ट क्राऊन नावाचं दातेरी चाक फिरवतो. क्राऊनला एक पिंजरा जोडलेला असतो आणि पिंजऱ्यात छोटे दातेरी पिनियन असतात. त्यांच्या दोन्ही अंगांना एकेक गिअर, आणि त्या गिअरमधून एकेक ॲक्सल चाकाकडे जातो. गाडी सरळ चालली असताना छोटे पिनियन स्वतःभोवती फिरत नाहीत, सगळा गठ्ठा एकत्र फिरतो. वळणावर ते फिरू लागतात आणि एका चाकाचा वेग जितका कमी होईल तितका दुसऱ्याचा वाढवतात. गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर असेल, इंजिन बंद असेल आणि गिअर टाकलेला असेल, तर मेकॅनिकला विचारून ताकद मिळणाऱ्या जोडीतलं एक चाक हाताने फिरवून पाहा. जोडीतलं दुसरं चाक उलट्या दिशेने फिरतं. दहा आकृत्यांनी कळत नाही ते या एका वेळी कळतं.

आता मुख्य मुद्दा. डिफरन्शियल घसरणाऱ्या चाकाला जास्त ताकद देतं, असं सर्रास म्हटलं जातं. ते खरं नाही. साधं, म्हणजे ओपन डिफरन्शियल दोन्ही चाकांना जवळपास सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर देतं. घात या समानतेतच आहे. हवेत लटकलेलं चाक फिरवायला जोर लागतोच किती? जवळजवळ शून्य. मग जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच मिळतो. नांगराला नाड्याने मध्यावर बांधलेलं जू आठवा. एक बैल ढिला पडला की जू तिरकं होतं आणि दुसरा कितीही तगडा असला तरी त्याची ताकद नांगरापर्यंत पोचत नाही.

म्हणून अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबत राहणं निरुपयोगी असतं आणि धोक्याचंही. एक चाक थांबलेलं असताना दुसरं नेहमीच्या दुप्पट वेगाने फिरतं. ते तसं फिरता फिरता अचानक दगडावर टेकलं, तर तो झटका छोट्या पिनियनना आणि ॲक्सलला बसतो. ॲक्सल तुटतात ते बहुतेक अशाच क्षणी.

मग फोर बाय फोर नेमकं करतं काय? जिप्सी, जिम्नी, थार यांच्यासारख्या पार्ट-टाइम पद्धतीच्या गाड्यांत ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडते. पण वेगळं लॉक नसेल तर प्रत्येक ॲक्सलवरचं डिफरन्शियल ओपनच राहतं. त्यामुळे पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकदम अधांतरी झालं की चारही चाकांची गाडी हतबल होते. खोल चाकोऱ्यांच्या पाणंदीतून तिरकं बाहेर पडताना हेच घडतं. (थार दिसली की ती फोर बाय फोरच असेल, असंही समजू नका. २०२३ पासून ती फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या रूपातही मिळते.)

पुढचा-मागचा शाफ्ट जखडलेला असल्यामुळे पार्ट-टाइम गाडी कोरड्या डांबरी रस्त्यावर फोरमध्ये चालवू नये. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात. थारच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत २.४५ मीटर अंतर आहे. मागचा ॲक्सल ५ मीटर त्रिज्येने काटकोनात वळला, तर पुढचा जवळजवळ ९० सेंटीमीटर जास्त चालतो. चिखलात टायर थोडा घसरून हा हिशोब मिटवतो. डांबरावर तो घसरत नाही, मग ताण शाफ्टमध्ये साठतो, स्टिअरिंग जड होतं आणि लिव्हर टू-मध्ये यायला नकार देतो.

ओपन डिफरन्शियलवरचा इलाज आपल्या शेतकऱ्यांना चांगला ठाऊक आहे. भातखाचरात चिखलणी करताना ट्रॅक्टरचं एक चाक फिरू लागलं की टाचेजवळचं डिफ-लॉकचं पेडल दाबतात. दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात आणि ट्रॅक्टर निघतो. वळायच्या आधी ते सोडायचं, हेही त्यांना सांगावं लागत नाही. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेकही वेगळे असतात. फिरणाऱ्या चाकावर थोडा ब्रेक धरला की त्या बाजूला विरोध तयार होतो, आणि समानतेच्या नियमाने तेवढाच जोर दुसऱ्या चाकालाही मिळतो.

नव्या गाड्यांतलं ब्रेक-लॉकिंग डिफरन्शियल नेमकं हेच करतं, फक्त सेन्सर आणि एबीएसच्या मदतीने. त्या वेळी खालून करकर आवाज येतो आणि नवखा चालक घाबरून पाय उचलतो. उचलू नका. ॲक्सिलरेटर हलका आणि स्थिर ठेवा, यंत्रणेला क्षणभर वेळ लागतो. थारच्या काही आवृत्त्यांत मागे यांत्रिक लॉक आहे. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की ते आपोआप जखडतं. म्हणजे तिथे चाक थोडं फिरू द्यावंच लागतं. आपल्या गाडीत यांपैकी काय आहे ते माहितीपुस्तकात पाहूनच निघा.

यातलं काहीच नसलेल्या जुन्या जीपमध्ये हँडब्रेक मागच्या चाकांवर लागत असेल तर तो दोन-तीन खटके ओढून पाहावा. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. पण त्याहून चांगलं म्हणजे आधीच खाली उतरून पुढची वाट तपासणं. कुठलं चाक कधी उचललं जाईल, हे पायी चालत गेलं की दिसतं. खड्ड्यात तीन-चार सपाट दगड टाकले तर लॉकची गरजही पडत नाही.

फोर-लोबद्दल थोडक्यात. गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये आणून मगच तो टाकावा. थारमध्ये त्याने चाकांवरचा जोर सुमारे अडीच पट होतो, जिम्नीत साधारण दुप्पट, आणि वेग त्याच प्रमाणात घटतो. उतारावर लो-पहिल्यात गाडी इंजिनाच्या आधाराने उतरू द्या, क्लच दाबू नका. फोर-लोचा वाळूत सराव करायला मात्र वेळास, आंजर्ल्याच्या किनाऱ्यांवर गाडी नेऊ नका, तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात.

पुढच्या आठवड्यात ओढा ओलांडायचा आहे, त्याची तयारी आतापासून करा. चालून तापलेलं डिफरन्शियल थंड पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरची, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची नळी खाली किंवा फुटलेली असेल तर पाणी आत ओढलं जातं. मेकॅनिककडून ती नळी उंचावर बांधलेली आहे का, हे तपासून घ्या. तिथेच डिफरन्शियलमधल्या ऑइलचे दोन थेंब बोटावर घेऊन पाहा. रंग दुधाळ असेल तर पाणी आधीच गेलेलं आहे, ऑइल बदलल्याशिवाय गाडी ओढ्याकडे नेऊ नका.