चौसष्ट हजार माणसांची वेधशाळा

डोळ्यांपुढे एक प्रचंड गोल नाट्यगृह आणा. आतून सगळीकडे पृथ्वीचा नकाशा रंगवलेला. छतावर उत्तर ध्रुव, तळाशी अंटार्क्टिका. सज्ज्यांत हजारो माणसे गणिते करीत बसली आहेत. ज्याच्यापुढे जो प्रदेश, तिथल्या हवेचे गणित त्याने करायचे आणि उत्तर दिव्यांच्या पाटीवर झळकवायचे, म्हणजे शेजाऱ्याला ते वाचून पुढे जाता येते. मधोमध उंच खांबावर मुख्य अधिकारी. जो प्रदेश पुढे पळेल त्याच्यावर तो गुलाबी झोत टाकतो, रेंगाळणाऱ्यावर निळा!

अशी वेधशाळा कधीच नव्हती. लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९२२ साली आपल्या पुस्तकात ती कल्पिली. हवामानाच्या बरोबरीने गणित धावायचे तर ६४,००० माणसे लागतील, हा त्याचा हिशेब.

हा नुसता कल्पनाविलास नव्हता, बरे का! हवासुद्धा न्यूटनचे नियम पाळते. मग आत्ताचा वायुदाब, वारा, तापमान कळले की सहा तासांनंतरची स्थिती गणिताने का निघू नये? पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवीत असताना, गवताच्या ढिगावर बसून, रिचर्डसनने एकट्याने हे गणित केले. दिवस निवडला २० मे १९१०, कारण त्या दिवसाच्या नोंदी हाताशी होत्या.

उत्तर आले : मध्य युरोपात सहा तासांत वायुदाब १४५ मिलिबारने वाढेल. प्रत्यक्षात तो जवळजवळ हललाच नव्हता! समुद्रसपाटीवर वायुदाब सरासरी १०१३ मिलिबार असतो आणि १९७९ सालच्या 'टिप' या महाभयंकर वादळाच्या केंद्रातही तो ८७० होता. आता करा वजाबाकी.

असे उत्तर आले की आपण पान फाडतो. रिचर्डसनने ते सगळ्या आकड्यांसह छापले, म्हणूनच पुढच्यांना चूक सापडली. वायुदाब किती बदलेल, हे त्या जागी आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा यांच्या वजाबाकीवर ठरते. दोन्ही आकडे मोठे, फरक चिमूटभर. वाऱ्याच्या नोंदीत थोडी चूक असली की फरकाचा पार बोऱ्या वाजतो. पुढे पीटर लिंच या आयरिश शास्त्रज्ञाने सुरुवातीच्या आकड्यांतला हा विसंवाद काढून तेच गणित पुन्हा केले, तर उत्तर समंजस आले.

१९५० साली अमेरिकेत एनिॲक या संगणकाने चोवीस तासांचा अंदाज काढला. त्याला वेळही सुमारे चोवीस तासच लागला! ही बातमी रिचर्डसनला हयातीत कळली. आज पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतही महासंगणक याच जातीची गणिते करतात.

त्या काल्पनिक वेधशाळेबाहेर रिचर्डसनने मैदाने, डोंगर आणि तळीही ठेवली होती. हवेचे गणित करणाऱ्यांनी ती हवा मोकळेपणी खावी, एवढ्यासाठी.