तोडून पाहिल्याशिवाय पडद्यावर विश्वास नको

नागपूरच्या मिहानमध्ये टाटा समूहाच्या कारखान्यात बोइंग 787 ड्रीमलायनरच्या फ्लोअरखालच्या तुळया बनतात. त्या ॲल्युमिनियमच्या नाहीत, कार्बन-तंतू आणि रेझिन यांच्या काँपोझिटच्या आहेत. अशी तुळई भाराखाली कुठे वाकेल, कुठे तडकेल, हे आधी संगणकावर पाहतात. पण ज्याने तो पदार्थ स्वतः तोडून पाहिला नाही, त्याने संगणकाच्या उत्तरावर विसंबू नये, असं माझं ठाम मत आहे. पोलाद सगळ्या दिशांना सारखंच वागतं. सुमारे 200 गिगापास्कल ताठपणा आणि 0.3 हे पॉयसनचं गुणोत्तर, या दोन आकड्यांत त्याचं लवचिक वर्तन सांगून होतं. काँपोझिटचा एकच पातळ थर घ्या. तंतूंच्या दिशेने त्याचा ताठपणा 130-140 गिगापास्कल भरतो, आडव्या दिशेने जेमतेम 10. त्या एका थराला ताठपणाचे चार आकडे लागतात, ताकदीचे आणखी पाच, आणि थर एकमेकांपासून सुटण्याचे वेगळेच. त्यातला एखादा थर 0 ऐवजी 90 अंशांत भरला गेला, तरी सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. रंगीत चित्र तितक्याच ऐटीत समोर येतं.

आकडे बरोबर असूनही फसगत होते. मे 2009 मध्ये 787 च्या जमिनीवरील भार-चाचणीत पंख धडाला जोडतात तिथे गणितापेक्षा जास्त ताण आढळला, थर सुटू लागले होते. जूनमध्ये पहिलं उड्डाण पुढे ढकललं, जोड मजबूत केला आणि विमान 15 डिसेंबरला उडालं. जगातल्या निष्णात मंडळींच्या प्रतिमानातून निसटलेली गोष्ट चाचणीनेच पकडली.

चाचण्या महाग पडतात, त्या वाचवायलाच तर सिम्युलेशन आलं, असं कुणी म्हणेल. मोठ्या चाचण्यांपुरतं ते खरंच आहे. पण 25 सेंटिमीटर लांब, दीड सेंटिमीटर रुंद आणि मिलिमीटरभर जाडीची पट्टी ओढून तोडायला विमानाएवढा खर्च येत नाही. सळई तोडायची यूटीएम (युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन) अभियांत्रिकी कॉलेजांत असतेच. तिला योग्य पकड आणि ताण मोजायची सोय जोडावी लागेल, इतकंच. दुसरा आक्षेप असा, की नागपुरात फक्त उत्पादन होतं, डिझाइन बाहेरून येतं, मग हा खटाटोप कशाला? पण थर दोन-तीन अंशांनी सरकला तर तुळई चालेल की बाद करायची, हा प्रश्न उत्पादनातच उभा राहतो. आणि त्याचं उत्तर पुराव्यानिशी देणारी माणसं जिथे नाहीत, तिथे डिझाइनचं काम कोण कशाला पाठवेल?