उघड्या गाडीत दुसरं इंजिन

महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीने आधी माझगावात आणि पुढे कांदिवलीत वाहनं बांधली. तिची जुनी सीजे-३बी जीप ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचं उंच, चौकोनी नाक नक्की आठवत असेल. ते नाक कुणाच्या हौसेतून आलेलं नाही. मूळ अमेरिकन कंपनी विलीजच्या आधीच्या जीपमध्ये बाजूला व्हॉल्व्ह असलेलं बुटकं इंजिन होतं. १९५३ साली अमेरिकेत त्याच २१९९ सीसी इंजिनाची सुधारित आवृत्ती, हरिकेन, जीपमध्ये बसवायची ठरली. तिच्यात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले होते, ताकद ६० अश्वशक्तीवरून ७०च्या पुढे गेली होती आणि त्याबरोबर इंजिनाची उंचीही वाढली होती. बॉनेट बसेना. मग बॉनेट आणि पुढची जाळी वर उचलण्यात आली आणि तोच चेहरा भारतात कित्येक वर्षं रस्त्यावर फिरला.

इंजिन बदलणं हे एकट्या इंजिनाचं काम नसतं, हे सांगायला याहून ठसठशीत उदाहरण नाही. मुंबईच्या उपनगरांत, मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत, एखाद्या जुन्या सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली आजोबांची मॉरिस मायनर किंवा स्टँडर्ड हेराल्ड उभी दिसते. कापडी टपाची असेल तर घरच्यांचा तिच्यावर जास्तच जीव. इंजिन धूर टाकतं, ऑइल पितं, चढावर धापा टाकतं. मग कुणीतरी सुचवतं, ‘दुसरं इंजिन टाका, मोकळे व्हा.’ गाडीचं भलं किंवा वाटोळं याच टप्प्यावर ठरतं.

मॉरिस मायनरचं उदाहरण मुद्दाम सविस्तर पाहण्यासारखं आहे, कारण इंजिन कसं बदलावं हे ती गाडी बनवणाऱ्यांनीच दाखवून दिलं आहे. १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात ती आली, तेव्हाच बंद गाडीबरोबर उघडी ‘टूरर’सुद्धा होती. अॅलेक इसिगोनिसने तिची आखणी चपट्या, आडव्या सिलिंडरांचं इंजिन डोळ्यांसमोर ठेवून केली होती. ते इंजिन प्रत्यक्षात आलंच नाही, पण त्यासाठी ठेवलेली रुंद जागा बॉनेटखाली तशीच राहिली. त्या जागेत आधी ९१८ सीसीचं जुन्या पद्धतीचं इंजिन आलं. १९५२ पासून ऑस्टिनचं ८०३ सीसी ए-सिरीज इंजिन आलं, १९५६ साली ९४८ सीसी आणि १९६२ साली १०९८ सीसी. अश्वशक्ती तिशीवरून अठ्ठेचाळीसपर्यंत गेली. याच गाडीचा भारतीय अवतार, ‘बेबी हिंदुस्तान’, कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात हिंदुस्तान मोटर्सने बनवला.

आता या बदलांच्या आजूबाजूला काय घडलं ते पाहावं. ८०३ सीसीच्या गाडीला मागच्या अॅक्सलचं गुणोत्तर पाचाच्या पुढे होतं, म्हणजे चाक एकदा फिरण्यासाठी शाफ्ट पाचाहून अधिक वेळा फिरायचा. ९४८ सीसीबरोबर ते ४.५५ झालं आणि १०९८ सीसीबरोबर ४.२२. इंजिनात जोर आला, तेव्हा कारखान्याने गिअरची चाल लांबवली. नाहीतर त्याच वेगाला इंजिन उगाच ओरडत राहिलं असतं. १०९८ सीसीबरोबर पुढच्या चाकांचे ब्रेक ड्रमही सात इंचांवरून आठ इंचांवर नेले. कारखान्याने इंजिन एकटं कधीच बदललं नाही. गॅरेजमध्ये मात्र बहुतेक वेळा नेमकं तेच होतं. साठ अश्वशक्तीचं इंजिन बसतं आणि गाडी थांबवण्याची जबाबदारी त्याच जुन्या सात इंची ड्रमवर राहते. घोडबंदर रोडच्या उतारावर त्याचा हिशेब द्यावा लागतो. म्हणून इंजिनासाठी जितके पैसे बाजूला काढले असतील, त्यातला मोठा वाटा ब्रेकसाठी ठेवावा, आणि ब्रेकचं काम इंजिन बसण्याआधी पुरं करावं.

उघड्या गाडीला आणखी एक जोखीम असते, आणि ती बॉनेटखाली नसते. बंद गाडीचं छत हा तिच्या सांगाड्याचाच भाग असतो. छत काढलं की उरते झाकण नसलेली पेटी, कोपरा धरून उचलली तरी पिळवटणारी. जीप किंवा हेराल्डसारख्या गाड्यांना खाली स्वतंत्र चासी असते, त्यामुळे तिथे भार चासीवर जातो. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून बनवलेली हेराल्ड तर या कामाला फारच सोयीची. तिचं सबंध नाक, मडगार्डांसकट, पुढे उलगडतं आणि मिस्त्री चाकावर बसून इंजिनावर काम करू शकतो. मायनरला वेगळी चासी नाही, तळाचा पत्रा हाच तिचा कणा. टूररमध्ये कंपनीने डॅशबोर्डखाली आणि दारांखालच्या पेटीसारख्या पट्ट्यांत जादा मजबुती दिली होती. मुंबईची खारी, दमट हवा सर्वांत आधी खाते त्या याच पट्ट्या.

म्हणून जाणता फिटर आधी बॉनेट उघडत नाही, दार उघडतो. गाडी चाकांवर असताना दार आणि खांब यांमधली फट वरून, मधून, खालून मोजतो. मग गाडी जॅकवर घेऊन तीच फट पुन्हा मोजतो. फट बदलली, दार अडकायला लागलं, तर दाराखालचा पत्रा आतून सडलेला आहे असं समजावं. अशा गाडीत जास्त जोराचं इंजिन टाकणं म्हणजे तिला मधोमध मोडायला मदत करणं. आधी दारांच्या चौकटीत आडवे-तिरके पाइप तात्पुरते वेल्ड करून आकार धरून ठेवायचा, मग सडका पत्रा कापून नवा घालायचा, आणि हे संपल्यावरच इंजिनाचा विषय काढायचा. फियाट किंवा प्रीमियर पद्मिनीचं छत कापून केलेल्या ‘ओपन’ गाड्या लग्नाच्या वरातींत दिसतात. त्यांना कारखान्याची ही मजबुती कधीच मिळालेली नसते. अशा गाडीत इंजिन बदलण्याचा विचारसुद्धा करू नये.

पत्रा भक्कम आहे असं गृहीत धरू. मग इंजिन कोणतं? सर्वांत सुरक्षित उत्तर म्हणजे त्याच कुळातलं. ८०३ सीसीच्या मायनरला १०९८ सीसीचं ए-सिरीज घातलं तर आकार ओळखीचा, वजनात फारसा फरक नाही आणि सुटे भाग ब्रिटनमधून आजही मिळतात. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातल्या मायनरवेड्यांची दुसरी आवड म्हणजे निस्सानच्या डॅटसन गाड्यांचं ११७१ सीसीचं ए-१२ इंजिन, स्वतःच्या गिअरबॉक्ससकट. हे इंजिन महाराष्ट्राला परकं नाही. प्रीमियरने १९८५ पासून ११८ एनईमध्ये हेच निस्सानचं इंजिन वापरलं. मूळची इटालियन फियाट १२४, तिच्यात जपानी इंजिन: खरं म्हणजे ११८ एनई हा कारखान्यात झालेला इंजिनबदलच होता. नव्वदच्या दशकात अॅम्बेसेडरमध्ये आलेलं इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिनही तसंच, आणि त्याच्याबरोबर पाच गिअरचा नवा गिअरबॉक्सही आला. कारखान्याने इथेही एकटं इंजिन बदललं नाही.

गॅरेजमध्ये सर्रास सुचवलं जातं मारुतीचं इंजिन. इथे एक गोष्ट आधी कळलेली बरी. मारुती ८०० किंवा एस्टीमचं इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं. जुन्या गाडीत इंजिन उभं बसतं आणि मागची चाकं ढकलतं. त्यामुळे ओम्नी किंवा जिप्सीचा गिअरबॉक्स लागतो, त्याला जुळणारी बेल हाउसिंग लागते, आणि प्रॉपेलर शाफ्ट कापून नव्या लांबीचा करून बॅलन्स करावा लागतो. फ्युएल इंजेक्शनचं इंजिन घेतलं तर कामाचं स्वरूपच बदलतं. कार्ब्युरेटरला पेट्रोल हलक्या दाबाने पोचलं तरी चालतं, इंजेक्शनला त्याच्या कित्येक पट दाब लागतो, बहुतेकदा टाकीकडे परतीची नळी लागते, कॉम्प्युटर आणि त्याचे सेन्सर लागतात. शिवाय जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, आधुनिक इंजिनांत निगेटिव्ह. हे न तपासता अल्टरनेटर जोडला तर तो त्याच क्षणी जळतो.

मोजमापात ऑइलचा सम्प आडव्या बीमला लागतो का, सायलेन्सरचा पाइप स्टिअरिंगच्या दांड्याजवळून जातो का, पंखा रेडिएटरला घासतो का, हे सगळं आधी रिकाम्या ब्लॉकवर पाहावं. पूर्ण इंजिन लटकवून अंदाज घेण्यापेक्षा आतले भाग काढलेला हलका ब्लॉक उचलायला, फिरवायला सोपा पडतो. आणि रेडिएटरचा हिशेब महामार्गाचा धरू नये. घाटकोपर ते मुलुंड एलबीएस मार्गावर मे महिन्यात गाडी उभी राहते, समोरून वारा नाही, खाली तापलेलं डांबर. अशा वेळी थर्मोस्टॅटवर चालणारा विजेचा पंखा आणि जाड रेडिएटर हाच उपाय. पावसाळ्यात अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी पाणी भरतं, त्यामुळे डिस्ट्रिब्युटर, वायरिंगचे जोड आणि हवेच्या फिल्टरचं तोंड शक्य तितकं वर ठेवावं. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचे पडदे खराब करतं. इंजिन कोणतंही असो, टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचं रबर नवं घालावं.

कागदांचा विषय मालक शेवटी काढतात, आणि बरीच कामं तिथेच अडकतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि उत्पादकाने मूळ ठरवलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल करता येत नाही. अपवाद आहे तो मान्यताप्राप्त किट लावून सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी नेण्याचा. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हाच अर्थ ठाम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. म्हणजे त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन आरटीओच्या मंजुरीने बसवून नवा इंजिन नंबर आर.सी.वर चढवता येतो. मायनरमध्ये निस्सान किंवा सुझुकी टाकलं तर पासिंग मिळवणं फार अवघड. अंधेरीचं एमएच-०२, बोरिवलीचं एमएच-४७ किंवा मुलुंड-घाटकोपरसाठी वडाळ्याचं एमएच-०३, यांपैकी आपल्या आरटीओत लेखी अर्ज करून उत्तर हातात आल्याशिवाय इंजिन विकत घेऊ नये. आणि घेताना ज्या गाडीतून ते निघालं तिची कागदपत्रं आणि बिल मागावं. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून उचललेल्या बिनकागदी इंजिनाचा नंबर एखाद्या चोरीच्या तक्रारीत निघाला तर उत्तर मालकालाच द्यावं लागतं. विमा कंपनीलाही बदल कळवावा लागतो, नाहीतर अपघातानंतर दावा नाकारला जाऊ शकतो.

परकं इंजिन न टाकण्याचं याहून मोठं कारण २०२१ साली आलं. केंद्र सरकारच्या नियमांत ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल न झालेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ दर्जा मिळतो. त्यांच्या नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही खास अक्षरं असतात, नोंदणी १० वर्षांची, आणि प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती यांसाठी त्या रस्त्यावर आणता येतात. मायनरचं उत्पादन १९७१ साली आणि हेराल्डचंही त्याच सुमारास थांबलं. म्हणजे अशी प्रत्येक गाडी आज या दर्जाच्या वयात आलेली आहे. परकं इंजिन बसलं की हा दरवाजा बंद होतो. तेलाच्या भाववाढीनंतर मुंबईतल्या कितीतरी देखण्या अमेरिकन गाड्यांत परवडतं म्हणून डिझेल इंजिनं बसली. त्यांचे आजचे मालक मूळ इंजिनाच्या शोधात देशभर फिरतात.

म्हणून आधी खर्च करावा तो मूळ इंजिनाची खरी परिस्थिती कळण्यावर. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजावं, ऑइलचा दाब गरम इंजिनावर पाहावा. दोन सिलिंडर कमजोर असतील तर बहुधा बोअर, नवे पिस्टन आणि रिंग, क्रँकला ग्राइंडिंग आणि हेडला व्हॉल्व्हचं काम एवढ्यावर भागतं. धूर टाकणारं इंजिन संपलेलं असतंच असं नाही, कित्येकदा फक्त व्हॉल्व्ह गाइड झिजलेले असतात. ब्लॉकलाच भेग पडली असेल आणि ती सांधण्याजोगी नसेल, तेव्हाच त्याच कुळातल्या इंजिनाचा शोध घ्यावा. तेव्हाही नव्या माउंटिंगसाठी बॉडीचा पत्रा कापू नये, जुन्याच भोकांत बसणारे ब्रॅकेट बनवून घ्यावेत. पुढे कुणाला गाडी मूळ रूपात न्यायची असेल तर वाट मोकळी राहते.

उतरवलेलं इंजिन भंगारवाल्याला देऊ नये. त्यावरचा नंबर आर.सी.शी जुळणारा असतो, आणि गाडीची किंमत त्या नंबरावर अवलंबून असते. प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडावं, भोकं बंद करावीत, ब्लॉकमधलं पाणी पूर्ण काढावं, इंजिन लाकडी ठोकळ्यांवर जमिनीपासून वर ठेवावं आणि महिन्यातून एकदा क्रँक हाताने फिरवावा. पावसाळ्यात तर चुकवू नये, कारण रिंगा बोअरला चिकटतात त्या जुलै-ऑगस्टमध्येच.