डेक्कन चार्जर्स : हैदराबादच्या पहिल्या आयपीएल संघाची पाच वर्षे

डेक्कन चार्जर्स हा आयपीएलमधला हैदराबादचा पहिला संघ. 2008 ते 2012 असे पाच हंगाम तो खेळला. एवढ्या काळात त्याने तळही पाहिला, करंडकही जिंकला आणि मालकाच्या कर्जापायी तो बंदही पडला. नाव हैदराबादचे असले तरी हैदराबादेत त्याचे बस्तान कधी नीट बसलेच नाही.

जानेवारी 2008 मध्ये डेक्कन क्रॉनिकल या वृत्तपत्र कंपनीने हा संघ सुमारे 10.7 कोटी डॉलरना घेतला. खेळाडूंच्या लिलावाआधी व्ही. व्ही. एस. लक्ष्मणने ‘आयकॉन’ खेळाडूचा मान आणि त्यासोबतचे जादा मानधन सोडले. त्यामुळे संघाच्या हाती जास्त पैसा उरला आणि अँड्र्यू सायमंड्ससाठी 13.5 लाख डॉलर मोजता आले; त्या लिलावात धोनीखालोखाल हीच बोली होती. गिलख्रिस्ट, आफ्रिदी, गिब्ज आणि तरुण रोहित शर्माही संघात आले. अंबाती रायुडू हा हैदराबादचाच, पण तो आयसीएल या बंडखोर स्पर्धेकडे गेल्याने त्याला घेता येत नव्हते.

एवढी मोठी नावे असूनही पहिल्या हंगामात संघाने 14 पैकी 2 सामने जिंकले आणि तो शेवटच्या, आठव्या क्रमांकावर राहिला. ते दोन विजयही मुंबई आणि चेन्नईच्या संघांवर, त्यांच्याच अंगणात. घरच्या, उप्पलच्या मैदानावरचे सातही सामने गेले. जामबाग, कोठी, सुलतान बाजार या जुन्या मराठी वस्तीला जवळचे ते मोईनुद्दौला चषकाच्या सामन्यांचे फतेह मैदान. उप्पल मात्र शहराच्या पूर्व टोकाला. तिथवर जाऊन पदरी पराभवच पडे.

2009 मध्ये लोकसभा निवडणुकीमुळे स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत गेली आणि चार्जर्सचे दैव फिरले. गिलख्रिस्ट कर्णधार, डॅरेन लेहमन प्रशिक्षक. पहिले चारही सामने जिंकले. बोरिवलीत वाढलेल्या रोहितने मुंबईविरुद्धच हॅटट्रिक घेतली. कोलकात्याविरुद्ध शेवटच्या षटकात 21 धावा हव्या असताना त्यानेच सामना काढला, तोही अखेरच्या चेंडूवर षटकार ठोकून. उपांत्य सामन्यात गिलख्रिस्टने 35 चेंडूंत 85 धावा करून दिल्लीला पार झोपवले. 24 मे रोजी जोहान्सबर्गला बंगळुरूविरुद्धच्या अंतिम सामन्यात मात्र तो पहिल्याच षटकात शून्यावर गेला. कुंबळेने 16 धावांत 4 बळी घेतले. गिब्जच्या नाबाद 53 धावांमुळे संघ कसाबसा 143 पर्यंत पोहोचला. बंगळुरूला शेवटच्या षटकात 15 हव्या होत्या. आर. पी. सिंगने 8 च दिल्या आणि करंडक 6 धावांनी आला. हंगामात सर्वाधिक, 23 बळीही त्याचेच. आदल्या वर्षी तळाला असलेला संघ विजेता झाला, पण शहराला तो दूरदर्शन संचावरच पाहावा लागला. ऑक्टोबरमध्ये चॅम्पियन्स लीगसाठी संघ उप्पलला आला आणि दोन्ही सामने हरला.

2010 मध्ये तेलंगण आंदोलनामुळे घरचे सामने नागपूर, कटक आणि नवी मुंबईला हलवले गेले. तरीही साखळीतले शेवटचे पाच सामने जिंकून संघ उपांत्य फेरीत पोहोचला. तिथे चेन्नईने रोखले.

मोडतोड झाली ती 2011 च्या लिलावात. चार्जर्सने एकही खेळाडू राखला नाही. रोहित आणि सायमंड्स मुंबईला, गिलख्रिस्ट पंजाबला, लक्ष्मण कोचीला गेला. विजेता संघ असा मोकळा सोडणे हे खेळाच्या दृष्टीने शहाणपणाचे नव्हते. संगकारा आणि स्टेन येऊनही संघ दहांत सातवा आणि पुढच्या वर्षी नवांत आठवा राहिला. शेवटचा सामना मात्र त्याने उप्पललाच जिंकला : 20 मे 2012 रोजी स्टेनने 8 धावांत 3 बळी घेतले आणि बंगळुरू स्पर्धेबाहेर गेले.

तोवर मालक कंपनी कर्जात बुडाली होती. सप्टेंबरमध्ये संघ विक्रीला काढला. पीव्हीपी व्हेंचर्सची एकमेव, 900 कोटींची बोली कंपनीने नाकारली. लगोलग क्रिकेट मंडळाने करार रद्द केला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, पण न्यायालयाने मागितलेली 100 कोटींची बँक हमी काही कंपनीला देता आली नाही. ऑक्टोबरमध्ये सन टीव्हीने वर्षाला 85.05 कोटींना हैदराबादचा संघ घेतला. तोच सनरायझर्स, 2016 चा विजेता.

न्यायालयातला वाद संघापेक्षा जास्त काळ चालला. 2020 मध्ये लवादाने मंडळाला जुन्या मालकांना सुमारे 4,800 कोटी रुपये देण्यास सांगितले. जून 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निवाडा रद्द केला.