नवगावकर, रोहेकर आणि दिमोना

कोकणातल्या बेने इस्रायल या यहुदी समाजाला ‘शनवार तेली’ म्हणत. तेलाचा घाणा चालवायचा आणि शनिवारी मात्र शब्बाथ म्हणून तो बंद ठेवायचा, ही त्यांची ओळख. नवगावकर, रोहेकर, पेणकर, किहीमकर अशी आडनावं, घरात मराठी आणि बायका नऊवारीत. १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत बेने इस्रायलांचं पहिलं सिनेगॉग उभारलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनंही रंगू लागली. तुम्ही खरे यहुदी का, असं अलिबागेतल्या शेजाऱ्यांनी त्यांना कधी विचारलं नाही.

तो प्रश्न पुढे इस्रायलमध्ये विचारला गेला.

१९४८ नंतर ही कुटुंबं तिकडे निघाली ती छळाला कंटाळून नव्हे, धर्माच्या ओढीने. मुंबईत कचेरीत वा रेल्वेत नोकरी केलेली माणसं बीरशेबा, लोद, अश्दोद, दिमोना अशा ठिकाणी जाऊन वसली. दिमोना म्हणजे नेगेवच्या वाळवंटात १९५५ मध्ये वसवलेलं गाव. तिथे कारखान्यात नाहीतर बांधकामावर काम मिळे. १९५१-५२ मध्ये तर काहीजणांनी भेदभावाविरुद्ध धरणं धरलं, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून हट्ट धरला आणि ते परतलेही.

मुलं शाळेत हिब्रू शिकली, पुढे सैन्यात गेली. आईवडिलांना आलेली सरकारी पत्रं वाचून दाखवायची, कचेऱ्यांमध्ये त्यांच्या वतीने बोलायचं, हे काम साहजिकच त्यांच्याकडे आलं. घरात मराठी आणि अंगणाबाहेर हिब्रू ही कसरत मुलांना जमली. पण लग्नाचं वय झालं तेव्हा, ज्यात आपला काहीच दोष नाही अशा गोष्टीचा हिशेब त्यांना द्यावा लागला.

१९६२ मध्ये इस्रायलमधल्या यहुदी धर्मगुरूंच्या मुख्य रब्बी मंडळाने फर्मान काढलं: बेने इस्रायल व्यक्तीचा इतर यहुद्याशी विवाह लावण्याआधी तिच्या आईची, आजीची, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. भारतात घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे झाले असतील का, ही मंडळाची शंका. कोकणात शतकानुशतकं शब्बाथ पाळणाऱ्या समाजाचा याहून मोठा अपमान कोणता? लोक चिडले आणि जेरुसलेममध्ये रस्त्यावर उतरले. अखेर १९६४ मध्ये, बेने इस्रायल सर्वार्थाने यहुदी आहेत, असं सरकारने आणि संसदेने जाहीर केलं. मग रब्बी मंडळानेही फर्मानातला त्यांचा उल्लेख काढला.

आज नातवंडं घरात बहुतेक हिब्रूच बोलतात. तरी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही तिथे निघालं. मात्र मराठीपेक्षा चिवट ठरला तो मलिदा. पोहे, साखर, ओलं खोबरं आणि फळं ताटात मांडून एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने प्रार्थना होते. हा विधी मूळचा कोकणातला; एलियाहूचा रथ जिथून स्वर्गात गेला असं मानतात, ते ठिकाणही अलिबागजवळ खंडाळ्यात आहे. लग्नाआधीची मेंदीही टिकली. मोरोक्कोहून आलेल्या यहुद्यांमध्येही मेंदीची रात्र असते. त्यामुळे अशा घरांत सोयरीक जुळली, तर त्या समारंभात दोन्हीकडच्या आज्यांना एकमेकींना फारसं काही समजावून सांगावं लागत नाही.